वरचा एक डॉलर

आमच्या बगळ्यांचा मॅनेजर आणि माझ्या मुलाची बँक, हे दोघं एकाच आईच्या पोटचे असावेत असं मला फार दिवसांपासून वाटत होतं. मध्यंतरी खात्री झाली.

बगळे म्हणजे आमची बेसबॉलची टीम, डब्लिन हेरॉन्स. हेरॉन म्हणजे बगळा, हे मला माझ्या सुनेनं, मैत्रीनं सांगितलं. नाव ज्यानं ठेवलं तो हुशार असला पाहिजे. बगळा एका पायावर उभा राहून वाट बघतो, तशी ही टीम वर्षानुवर्षं वाट बघते आहे. बगळ्याला शेवटी मासा तरी मिळतो.

आता तुम्ही म्हणाल, नागपूरच्या इंदोऱ्यातली, चौथी शिकलेली रत्नाबाई गजभिये बेसबॉल बघायला कुठून लागली? तर माझा मुलगा धम्मदीप इथं अमेरिकेत, ओहायोतल्या डब्लिन गावी नोकरीला. त्याचं भाड्याचं अपार्टमेंट तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही, पण बाल्कनीत उभं राहिलं की खाली सगळं मैदान. मी आले त्या आठवड्यात तो आरडाओरडा ऐकून मला वाटलं, निवडणुकीची सभा आहे. दोन तास झाले तरी कुणी भाषण करेना, तेव्हा कळलं खेळ आहे.

खेळ सोपा आहे. एक जण चेंडू फेकतो, तो पिचर. दुसरा, म्हणजे बॅटर, तो मारतो आणि पळत सुटतो. वाटेत तीन ठिकाणी थांबायची सोय. मग जिथून निघाला तिथंच परत यायचं. त्या जागेला म्हणतात होम. समोरची अख्खी पलटण अडवत असताना माणूस घरी पोचला, की एक धाव मिळते. मी धम्मदीपला म्हटलं, "हा खेळ तुमच्यासारख्या परदेशी गेलेल्यांनीच काढलेला दिसतो. फरक एवढाच, की यांच्यातला एखादा परत तरी पोचतो."

तो म्हणाला, "आई, प्लीज."

हे त्याचं आवडतं वाक्य आहे.

तर मॅनेजर. हा माणूस मैदानाच्या कडेला एका खड्ड्यात बसतो आणि मांडीवरच्या टॅबलेटमध्ये बघतो. समोर त्याच्या टीमचा पोरगा घाम गाळत असतो, तिकडे नाही बघत. आमच्याकडे रोलांदो नावाचा डावखुरा पिचर आहे. काळासावळा, बारकासा, फेकायच्या आधी टोपी नीट करतो. तो रंगात आला की समोरच्याला चेंडू दिसत नाही, नुसता आवाज ऐकू येतो. आणि नेमका तो रंगात आला की मॅनेजर खड्ड्यातून उठतो, सावकाश चालत जातो, हात पुढं करतो. रोलांदो चेंडू त्याच्या हातात ठेवतो आणि मान खाली घालून निघतो. मग नवा पिचर येतो आणि मार खातो.

"असं काहून करतो तो बावा?" मी मैत्रीला विचारलं. ती पुण्याची, एका मोठ्या कंपनीत डेटाचं काम करते.

"आई, तेच बॅटर तिसऱ्यांदा समोर आले की पिचरला मार पडतो. नंबर सांगतात तसं."

"नंबरांना रोलांदो माहीत आहे का?"

"रोलांदोसुद्धा एक नंबरच आहे ना त्यात."

सून चांगली आहे. पण पगार घेते त्या कंपनीचा परिणाम होतोच.

ह्या वर्षी माझ्या गुडघ्यांनी तिसरा मजला नको म्हणून सांगितलं. जिना उतरायचा म्हणजे आधी मनाची तयारी, मग कठड्याशी चर्चा. तेव्हा धम्मदीपनं घर घ्यायचं काढलं. घर सापडलं ते छान. खालीच एक खोली, खिडकीशी मेपलचं झाड, एक पायरी चढली की आत. विकणारं जोडपं म्हातारं, मुलीकडे राहायला चाललेलं. त्यांची अट एकच, शुक्रवारी सगळं पक्कं झालं पाहिजे. नाहीतर दुसरं गिऱ्हाईक तयार, आणि ते रोखीचं. आता रोख कुणाकडे आहे? आमच्याकडे होतं होम लोन.

लोन म्हणजे काय प्रकरण असतं ते मला तेव्हा कळलं. आम्ही देव मानत नाही. पण अंडररायटर मानावा लागतो. लोन द्यायचं की नाही ते हा ठरवतो. तो कुणाला दिसत नाही. कुणाशी बोलत नाही. कुठं राहतो ते कुणाला माहीत नाही. त्याचा पुजारी मात्र दिवसातून दोनदा फोन करतो आणि सांगतो, त्याला आज अमुक हवंय, उद्या तमुक हवंय. ह्या पुजाऱ्याचं नाव काइल. मी तर देव सोडून कधीची मोकळी झाले होते. हा नवा बँकेतून आला.

"फाइल कुठवर आली?" असं धम्मदीपनं विचारलं की काइल म्हणायचा, "प्रोसेसमध्ये आहे." आमच्या टीमचा मोठा साहेब, जो मॅनेजरच्याही वर असतो, तो टीव्हीवर येऊन हेच म्हणतो. चांगले खेळाडू विकून टाकतो आणि म्हणतो, प्रोसेसवर विश्वास ठेवा, आपण भविष्य घडवतोय. अरे, इतक्या दिवसांत माझ्याकडे इडलीचं पीठ फुगून, इडल्या होऊन, खाऊन झाल्या असत्या.

घरासाठी हातातले जे पैसे आधी भरायचे त्यात धम्मदीपला कमी पडत होते. मी म्हटलं, मी देते. इथल्या इंडियन ग्रोसरीला मी पोळ्या देते, तिसऱ्या मजल्यावर लाटून. लोक म्हणतात होममेड. माझ्या खात्यात तीस हजार जमले होते, आणि खातं माझ्या नावावर आहे.

काइलनं एक कागद पाठवला. गिफ्ट लेटर. मैत्रीनं वाचून दाखवलं, "मी, रत्नाबाई गजभिये, माझ्या मुलाला तीस हजार डॉलर भेट देत आहे. ते परत मिळण्याची माझी कसलीही अपेक्षा नाही."

"कसलीही?" मी विचारलं.

"कसलीही."

"आजारी पडले तर दवाखान्यात न्यायचीसुद्धा?"

"पैशांचं म्हणतायत हो ते!"

"आई, प्लीज," धम्मदीप म्हणाला.

मी सही केली. मराठीत. आणि चेक मी स्वतः लिहिला. आकडे मला इंग्रजीत येतात, अक्षरं मैत्रीनं दुसऱ्या कागदावर लिहून दिली, ती मी बघून काढली. फक्त शेवटी माझ्या मनानं एक शब्द वाढवला. वन. त्याची अक्षरं एक डॉलरच्या नोटेवर असतात, आणि आकडा तर बेसबॉलच्या पाटीवर रोज दिसतो. आमची टीम एकाच्या वर फारशी जातच नाही.

सोमवारी धम्मदीप लाल तोंडानं घरी आला.

"आई, तू चेकवर काय लिहिलंस?"

"तीस हजार एक."

"एक का?"

"एक का म्हणजे? तुझ्या लग्नात कुणी पाचशे दिले होते? पाचशे एक दिले. तुझ्या बापानं विहाराला कधी शंभर दान दिलं? एकशे एक दिलं. मुलाचं पहिलं घर, आणि मी काय गोल आकडा देऊ? भाडं भरतेय का मी?"

"अगं, गिफ्ट लेटरवर तीस हजार आहेत. अंडररायटर म्हणतो आकडे जुळत नाहीत. त्यानं फाइल थांबवली! एका डॉलरसाठी!"

"मग येडा तो आहे की मी?"

"आणि आपण बौद्ध ना? शकुन-बिकुन काही नाही, हे तूच शिकवलंस. बावीस प्रतिज्ञा तूच पाठ करून घेतल्यास माझ्याकडून."

"त्यात वरचा रुपया देऊ नये अशी तेविसावी कुठं आहे, दाखव. हा शकुन नाही. हा शिरस्ता आहे."

मैत्री स्वयंपाकघरात तोंड फिरवून हसत होती. मला पाठ दिसत होती ना तिची.

काइलनं उपायही सुचवला होता. आणखी एक कागद, खुलाशाचा. तो धम्मदीपनं लगेच टाइप करून आणला. मी मैत्रीला म्हटलं, वाच. ती आधी मनात वाचत राहिली आणि मग म्हणाली, "आई, नुसती सही करून टाका ना."

"वाच."

तिनं वाचलं. "मी वयोवृद्ध असून मला इंग्रजी लिहिता-वाचता येत नाही. त्यामुळे चेक लिहिताना माझ्या हातून चुकून एक डॉलर जास्त लिहिला गेला."

मी पेन खाली ठेवलं.

आता हे मी नीट सांगते, कारण घरात ते कुणाला नीट कळलं नाही. माझ्या बापानं मला शाळेत घातलं ते एवढ्यासाठी, की पोरीनं कुठं अंगठा लावू नये. चौथीनंतर शाळा लांब पडली, सुटली. पण सही आली होती. ती सही मी रेशनकार्डाला केली, नवरा गेल्यावर त्याच्या पेन्शनच्या कागदांना केली, इथं येताना व्हिसाला केली. तिथला गोरा म्हणाला, सही फार सुंदर दिसते. त्या सहीनं आता मी लिहून द्यायचं, की मी अडाणी आहे? आणि जे मी विचार करून केलं, ते चुकून झालं म्हणून?

"मी चूक केली नाही," मी म्हटलं. "सही होणार नाही."

"आई, शुक्रवारी घर जाईल."

"जाऊ दे."

असं मी म्हटलं खरं. पण मनात ती एक पायरी आणि मेपलचं झाड होतं. गुडघेही ऐकत होते, ते रात्रभर माझ्याशी बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी धम्मदीप ऑफिसला गेल्यावर मैत्री माझ्यापाशी बसली. "आई, आपण खरंच कारण लिहू या. वरचा एक कशासाठी असतो?"

मी तिला सांगितलं. गोल आकडा दिला की देणं संपलं, दार लागलं. वर एक ठेवला की दार उघडं राहतं. आज मी दिले, उद्या तू माझ्या घरी कार्याला देशील, मग परत मी. कुणी हिशोब बंद करत नाही. बंद केला की नातं कशावर चालायचं?

"किती सुंदर आहे हे," मैत्री म्हणाली आणि शब्दन् शब्द इंग्रजीत करून काइलला पाठवला.

संध्याकाळी उत्तर आलं. मैत्रीचा चेहरा पडला. काइलनं लिहिलं होतं, की अंडररायटरनं खुलासा लक्षपूर्वक वाचला. त्यावरून असं दिसतं, की देणारीला पुढं कधीतरी परत मिळण्याची अपेक्षा आहे. म्हणजे ही भेट नव्हे. हे कर्ज आहे. अख्खे तीस हजार एक.

धम्मदीप सोफ्यावर बसला तो उठेचना. "गेलं. आता माझ्यावर तीस हजारांचं आणखी कर्ज धरतील आणि लोन नाकारतील. आई, तुला काय मिळालं यातून?"

मी उठून पोळ्या लाटायला घेतल्या. माझं लाटणं आपटायला लागलं की घरात सगळे घाबरतात, पण त्या दिवशी कुणी घाबरायच्या मनःस्थितीत नव्हतं.

बुधवारी संध्याकाळी काइलशी व्हिडिओवर बोलणं ठरलं. शेवटचं. आणि बुधवारीच बगळ्यांची मॅच. मी लॅपटॉप बाल्कनीच्या दाराशी ठेवायला लावला. म्हटलं, इथं इंटरनेट चांगलं येतं. एका डोळ्यानं काइल, दुसऱ्यानं रोलांदो. आणि रोलांदो त्या दिवशी असा खेळत होता म्हणता! सहा डाव झाले, समोरच्या एकालाही चेंडू नीट लागला नव्हता.

काइल म्हणजे पोरगाच निघाला, मिसरूड फुटलेला. त्याच्या मागं फळीवर मला आमच्या बगळ्यांचा कप दिसला. मला बरं वाटलं. म्हटलं, आपला माणूस आहे.

तो मैत्रीला समजावत होता, की सिस्टीममध्ये दोनच रकाने आहेत. एक गिफ्ट, एक लोन. मधलं काही भरता येत नाही. संस्कृतीचा रकाना नाही. इतक्यात खाली गलका झाला. मी बघितलं तर मॅनेजर खड्ड्यातून उठलेला. टॅबलेट काखेत. सावकाश चालतोय. हात पुढं.

"अरे राहू दे त्याला!" मी बाल्कनीतून ओरडले. "डोळे फुटले का तुझे!"

काइल दचकला. "सगळं ठीक आहे ना?"

मग मीच लॅपटॉपसमोर गेले. माझं इंग्रजी मैदानावरचं आहे, पण कामाचं आहे. म्हटलं, "काइल. मॅनेजर टेक आउट रोलांदो. व्हाय?"

त्याचा चेहरा एकदम उजळला. "ओह, तुम्ही हेरॉन्सच्या फॅन आहात? मीही बघतोय, दुसऱ्या स्क्रीनवर." म्हणजे तोही एका डोळ्यानंच माझ्याकडे बघत होता. "पण नाही, मॅनेजरचं बरोबर आहे. तिसऱ्यांदा तेच बॅटर येणार आता. नंबर तसं सांगतात."

आणि खालून असा टण्ण आवाज आला, की मला वळून बघायची गरज पडली नाही. नव्या पिचरचा पहिलाच चेंडू पार्किंगमध्ये गेला होता. तिकडे कुणाच्या तरी गाडीचा अलार्म वाजायला लागला.

मी काइलकडे बघितलं. "नाऊ?"

तो शांतपणे म्हणाला, "रिझल्ट वाईट आला. पण प्रोसेस बरोबर होती."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी इतके दिवस ह्या माणसांना अर्थ सांगत बसले होते. यांना अर्थ नकोय. यांना रकाना भरायचाय. रकाना भरला की गाडीची काच फुटली काय अन् घर गेलं काय, हे रात्री शांत झोपणार. अर्थ सांगितला की उलट घाबरतात.

"काइल," मी म्हटलं, "राइट. थर्टी थाउजंड, गिफ्ट." मी एक बोट वर केलं, अंपायर करतो तसं. "वन डॉलर, लोन."

"आई!" धम्मदीप ओरडला.

काइल मात्र ओरडला नाही. त्यानं काहीतरी टाइप केलं. थांबला. परत टाइप केलं. "म्हणजे तीस हजार भेट, गिफ्ट लेटरप्रमाणे. ते जुळतं. आणि एक डॉलर मुलाला उधार?"

"येस."

"व्याज?"

"नो."

"परत कधी द्यायचा?"

"व्हेन आय से."

मला वाटलं आता हसेल. छे! पोराच्या तोंडावर असा आनंद, जसा बगळे जिंकल्यावर कधीतरी दिसतो. "त्यासाठी ऑप्शन आहे! मागणी केल्यावर देय. हो, हो, हे बसतंय!" आणि त्यानं ते भरलं.

गुरुवारी दुपारी अंडररायटर प्रसन्न झाला. शुक्रवारी आम्ही सगळे सह्या करायला गेलो. धम्मदीपच्या कर्जांच्या यादीत गाडीचं कर्ज, क्रेडिट कार्ड, आणि त्यांच्याखाली माझं नाव. मी मैत्रीला म्हटलं, बोट ठेवून दाखव कुठं ते. तिनं दाखवलं. रत्नाबाई गजभिये, एक डॉलर, मागणी केल्यावर देय. अमेरिकेच्या बँकेनं माझ्या मुलाला लेखी सांगितलं, की बाबा, तू आईचं देणं लागतोस. हे मी त्याला लहानपणापासून सांगत होते, तर त्याला पुरावा हवा होता.

आता आम्ही नव्या घरात आहोत. खालची खोली माझी. गुडघे बोलायला लागलेत. मैदान मात्र दिसत नाही, दिसतो तो शेजारचा माणूस आणि त्याचं गवत कापायचं यंत्र. त्याच्यासाठी कुणी ओरडत नाही. बगळ्यांच्या मोठ्या साहेबानं रोलांदोला विकलं, भविष्य घडवायला. मॅनेजरला आणखी दोन वर्षांचा करार दिला. प्रोसेस चांगली आहे म्हणे त्याची.

पहिल्याच आठवड्यात धम्मदीपनं चहाच्या कपाशेजारी एक डॉलरची नोट आणून ठेवली.

"हे काय?"

"तुझं लोन. फेडलं."

"मी मागितलं का?"

"नाही, पण..."

"कागद वाच. व्हेन आय से. उचल."

त्यानं उचलली. पुढच्या रविवारी परत ठेवली, मी परत उचलायला लावली. एकदा त्यानं माझ्या पर्समध्ये गुपचूप सरकवली, मी त्याच्या डब्यात पोळीखाली पाठवली. मैत्री म्हणते, तुम्हा दोघांचा हा नवा खेळ टीव्हीवर दाखवायला हवा.

काल संध्याकाळी तो गाडीची किल्ली वाजवत आला. "आई, चल. बगळ्यांची मॅच आहे. तिकिटं काढलीत. पहिल्या रांगेत, खड्ड्याच्या अगदी मागं. मॅनेजरला तुझा आवाज ऐकू जाईल."

मी लुगडं बदललं. बुटांची नाडी त्यानंच बांधली, खाली बसून. बांधता बांधता म्हणाला, "तिकीट पंचवीस डॉलरचं आहे हं. आता तो एक डॉलर फिटला ना?"

"तिकीट तू कशात दिलंस?" मी विचारलं. "गिफ्ट की लोन?"

त्यानं मान वर केली. विचारात पडला. "गिफ्ट," म्हणाला.

"मग त्यात परत मिळायची अपेक्षा नसते. कसलीही," मी म्हटलं. "कागद आण आधी. सही करून दे. मग निघू."